हाताने सांगितलेलं पाणी

काडी वळते. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांनी ती कधी हातात धरलेली नाही त्यांना वाटतं की पाणाड्या, म्हणजे काडी धरून जमिनीखालचं पाणी शोधणारा माणूस, ती मुद्दाम वळवतो. हिरव्या फांदीचं एक बेचकं घ्यायचं, बोटाएवढ्या जाडीचं, लवचीक. तळवे आकाशाकडे करून दोन्ही टोकं मुठीत धरायची, शेंडा पुढे ठेवायचा, टोकं किंचित बाहेर ताणायची आणि सावकाश चालायला लागायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एखाद्या पावलाला शेंडा खाली ओढला जातो, कुणीतरी जमिनीखालून धरून खेचावा तसा. मुठी आवळून अडवायला गेलं तर साल मुठीत राहते आणि आतलं लाकूड फिरतं.

मला हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आईचे मामा, ज्यांना आम्ही सगळे आप्पा म्हणायचो, पाणी पाहायचे. लोक त्यांना लांबून न्यायला येत. ते कुणाकडून काही घेत नसत. "जमिनीने सांगितलं ते मी सांगितलं, त्याचं काय घ्यायचं?" असं म्हणत. त्या दिवशी त्यांनी सहज काडी माझ्या हातात दिली आणि चाल म्हणाले. ती फिरली तेव्हा मी घाबरून टाकून दिली. आप्पांनी ती उचलली, माझे तळवे उलटसुलट करून पाहिले, लाल झालेल्या चामडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "तुझ्या हाताला आहे."

हे वाक्य मी पुढची सोळा वर्षं अंगावर बाळगलं. अभ्यासात मी बेताचा होतो, खेळात त्याहून बेताचा. पण माझ्या हाताला काहीतरी होतं. आप्पांचे गुडघे गेल्यावर लोक माझ्याकडे येऊ लागले. मी चाळीसेक जागा दाखवल्या असतील. बहुतेक ठिकाणी पाणी लागलं. मी मोजत मात्र नव्हतो. मोजायची गरजच कधी वाटली नाही, आणि आज मला सगळ्यात जास्त लाज याचीच वाटते.

मग काकांच्या शेतातली एक बोअर कोरडी गेली.

कोरडी बोअर ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो. मशीन दगड फोडत खाली जातं तेव्हा हवेच्या दाबाने फोडलेल्या दगडाचं पीठ वर फेकलं जातं. पाणी लागलं की ते पीठ ओलं होतं, चिखल होतो, मग फवारा येतो आणि माणसं भिजतात. नाही लागलं तर नुसती धूळ. त्या दिवशी तीनशे फुटांपर्यंत धूळ येत राहिली. काकांच्या केसांवर, भुवयांवर, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरा थर बसला. मशीन बंद झालं तेव्हा एवढी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू येत होता. ती जागा मी दाखवली होती. तिथे काडी इतक्या जोराने फिरली होती की माझं मनगट दुखलं होतं. काका माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझा काय दोष? आमचं नशीबच कोरडं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित अजूनही पाणी पाहत असतो. दोन-चार दिवस वाईट वाटलं असतं, आणि मग कुणीतरी दुसरं बोलवायला आलं असतं. पण चूक माझी असताना तिचं ओझं त्यांनी स्वतःच्या नशिबावर घेतलं, आणि ते मला पेलेना. त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो.

वाचताना पहिला धक्का बसला तो हा की या काडीचा जन्म पाण्यासाठी झालेलाच नाही. तिचा जुना आणि खात्रीचा माग लागतो तो मध्य युरोपातल्या खाणींमध्ये, आणि तिथे ती शोधत होती चांदी, तांबं, शिसं. गेओर्ग आग्रिकोला हा वैद्य खाणकामगारांच्या गावांत राहिला, त्यांचे आजार पाहता पाहता त्यांचं कामही पाहत गेला, आणि खाणकामावरचा त्याचा मोठा लॅटिन ग्रंथ 'दे रे मेतालिका' त्याच्या मृत्यूनंतर, 1556 साली छापला गेला. त्यात एक लाकडी ठशाचं चित्र आहे. टेकडीवर माणसं खणतायत, एकजण झाडाची फांदी तोडतोय, आणि काहीजण हातात बेचकं धरून चाललेत. मी ते चित्र पाहिलं आणि मला त्यांची मनगटं ओळखीची वाटली. मी तसंच धरायचो.

आग्रिकोलाने कामगारांचं म्हणणं नीट नोंदवलंय. चांदीसाठी हेझेलची फांदी, तांब्यासाठी अ‍ॅशची, शिशासाठी आणि कथलासाठी पाइनची, सोन्यासाठी लोखंडाची किंवा पोलादाची काडी. कुणाच्या हातात ती वळते आणि कुणाच्या नाही, यावरचे वादही त्याने लिहिलेत. आणि मग स्वतःचा निवाडा देतो: जाणत्या खाणवाल्याला या काडीची गरज नाही, कारण धातूच्या शिरेच्या नैसर्गिक खुणा जमिनीवर दिसतात आणि त्या वाचायला त्याने शिकावं. हे साडेचारशे वर्षांपूर्वीचं आहे. पुढे 1912 साली या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर हर्बर्ट हूवर या खाण अभियंत्याने आणि त्याची पत्नी लू हेन्री हूवर हिने केलं. हाच हूवर नंतर अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

धर्माच्या बाजूनेही काडीला विरोध होताच. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1518 साली तिचा वापर बायबलच्या दहा आज्ञांपैकी पहिल्या आज्ञेचा भंग ठरवला. हा विरोध मला फारसा कामाचा वाटत नाही. सैतान काडी वळवतो असं म्हणणाऱ्यालाही ती बाहेरूनच कुणीतरी वळवतंय हे मान्य होतं. वाद फक्त कोण वळवतं एवढाच होता.

फ्रान्समधल्या मार्तीन द बेर्तरो या बाईंबद्दल वाचताना मात्र मी बराच वेळ थांबलो. सतराव्या शतकातली ही बाई आणि तिचा खाणतज्ज्ञ नवरा, बोसोलेय परगण्याचा बॅरन, या दोघांनी देशभर फिरून खनिजं आणि झरे शोधले. काड्या, होकायंत्रं, ग्रहांशी जोडलेली उपकरणं असं बरंच काही तिच्या सामानात असे. पण तिने सांगितलेल्या पद्धतीत जमीन खणून पाहणं, उगवलेल्या वनस्पती पाहणं, पाण्याची चव घेणं हेही होतं. तिने 1640 साली राजाचा मुख्य मंत्री कार्डिनल रिशल्यू याला खाणींचा अहवाल सादर केला, राज्याची संपत्ती जमिनीखाली पडून आहे असं कळकळीने सांगितलं. बदल्यात 1642 साली दोघांना अटक झाली. तिला व्हँसेनच्या तुरुंगात टाकलं, त्याला बास्तीलमध्ये, आणि दोघंही कैदेतच मेले. खडकांची एवढी जाण असलेल्या बाईने काडी कशाला बाळगली असेल? मला वाटतं, माझ्या आप्पांनी ज्या कारणासाठी बाळगली त्याच. तिला जे दिसत होतं ते कशावरून दिसलं हे शब्दांत मांडायला त्या काळात शास्त्रच नव्हतं. काडी वळली म्हटलं की प्रश्न संपत होता.

काडीची सर्वांत भयंकर गोष्ट झाक एमारची. तो दोफिने प्रांतातला एक शेतकरी. 1692 साली लिओं शहरात एका दारूच्या व्यापाऱ्याचा आणि त्याच्या बायकोचा तळघरात खून झाला. गुन्हेगाराचा माग लागेना तेव्हा एमारला बोलावलं. तळघरात त्याची काडी फिरली. तो ती धरून शहराबाहेर पडला, ऱ्होन नदीच्या काठाने दिवसचे दिवस चालत राहिला आणि बोकेर गावच्या तुरुंगाशी येऊन थांबला. तिथे किरकोळ चोरीत पकडलेला एक कुबडा तरुण होता. काडी त्याच्यासमोर वळली. त्याने आधी नाकारलं, पुढे कबुली दिली, आणि चाकावर हाडं मोडून त्याला मारण्यात आलं.

एमारची कीर्ती पॅरिसला पोचली. काँदेच्या राजपुत्राने त्याला बोलावून घेतलं आणि चाचणी लावली. बागेत खड्डे खणून त्यात वेगवेगळे धातू पुरले, एकात नुसते खडे ठेवले, एक मोकळाच ठेवला, आणि वरून जमीन सारखी केली. एमारला काहीही नीट ओळखता आलं नाही. लिओंमध्ये माणसं होती, कुजबूज होती, प्रत्येक वळणावर त्याच्या चेहऱ्याकडे पाहणारे आणि स्वतःच्या चेहऱ्यावर बरंच काही उमटू देणारे अधिकारी होते. पॅरिसच्या बागेत नुसती सारखी केलेली माती होती. तो कुबडा तरुण गुन्हेगार होता की नाही हे मी कुठेही वाचलं तरी माझं समाधान होत नाही. एका माणसाचा जीव काडीच्या वळण्यावर गेला एवढं मला पुरे आहे.

मग काडी नेमकी वळते कशाने? याचं उत्तर ज्याने शोधलं त्याच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. मिशेल अजेन शेव्हरल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ. चरबीवरच्या संशोधनासाठी प्रसिद्ध, एकशे दोन वर्षं जगला. त्या काळी काडीचं एक धाकटं भावंड लोकप्रिय होतं: दोऱ्याला टांगलेली अंगठी. पाण्यावर, धातूवर, पाऱ्यावर धरली की ती झोके घेते असं म्हणत. शेव्हरलने 1812 च्या सुमाराला ती स्वतःच्या हातात धरून पाहिली. पाऱ्याच्या भांड्यावर लोखंडी अंगठी खरंच झोके घ्यायला लागली. मधे काचेचा तुकडा ठेवला तर झोके मंदावत थांबले. काच काढली की पुन्हा सुरू. आता इथे कुणीही म्हणालं असतं की झालं सिद्ध, पाऱ्यातून काहीतरी निघतं आणि काच ते अडवते.

शेव्हरल तिथे थांबला नाही. त्याने हाताला टेकू दिला. टेकू जसजसा बोटांच्या जवळ सरकवला तसतसे झोके कमी होत गेले. मग त्याने स्वतःचे डोळे बांधून घेतले आणि दुसऱ्या माणसाला सांगितलं की मला न कळवता काच मधे घाल आणि काढ. आता काचेचा काहीही परिणाम होईना. डोळे उघडे असताना अंगठी काचेला घाबरत होती, डोळे मिटल्यावर तिला काच आहे की नाही याचा पत्ताच नव्हता. म्हणजे माहिती अंगठीला कधीच नव्हती. ती शेव्हरलला होती. त्याच्या मनात 'आता थांबेल' असं आलं की त्याची बोटं, त्याच्या नकळत, थांबवत होती. हे त्याने 1833 साली भौतिकशास्त्रज्ञ आंपेरला लिहिलेल्या पत्राच्या रूपात प्रसिद्ध केलं. पुढे 1852 साली विल्यम कार्पेंटर या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने अशा हालचालींना नाव दिलं, इडिओमोटर. मराठीत कल्पनाप्रेरित हालचाल म्हणता येईल. इच्छेचा हुकूम नसताना, नुसत्या कल्पनेने स्नायू हलतो, आणि तो हलल्याचं आपल्याला कळत नाही.

मी हे एका रात्री वाचलं आणि उठून तसंच केलं. लग्नातली अंगठी दोऱ्याला बांधली, पाण्याने भरलेल्या वाटीवर धरली. गोल फिरायला लागली. माझ्या ओळखीचं ते फिरणं, आज्ञाधारक, ठाम. मुलीला उठवलं, ती तेव्हा नऊ वर्षांची होती. डोळ्यांवर रुमाल बांधला आणि तिला सांगितलं, वाटी कधी ठेव, कधी काढ, मला सांगू नको, फक्त अंगठी फिरतेय की थांबलीय ते कागदावर लिही. वीस वेळा केलं. रुमाल सोडून कागद पाहिला. वाटी असताना आणि नसताना अंगठीच्या वागण्यात काहीही ताळमेळ नव्हता. मुलगी म्हणाली, "बाबा, वाटी नसताना तर ती जास्त फिरत होती." मग ती झोपायला गेली आणि मी तिथेच बसून राहिलो. सोळा वर्षं जमीन माझ्याशी बोलते असं मला वाटत होतं. ती मीच होतो.

काडीचं यंत्रही मग लक्षात आलं. बेचकं बाहेर ताणून धरलं की ते ताणलेल्या धनुष्यासारखं होतं. त्यात जोर साठतो, पण तोल अगदी नाजूक असतो. मनगटं अंशभर आत वळली तरी तो साठलेला जोर एकदम सुटतो आणि शेंडा फिरतो. कारण एवढंसं, परिणाम एवढा मोठा, म्हणून हे आपण केलं असं कुणालाच वाटत नाही. साल मुठीत राहते ती आपल्याच ताणाने. काही जण तारेच्या दोन काटकोनी काड्या पिस्तुलासारख्या पुढे धरतात. त्यांचंही तेच. मूठ केसभर झुकली की तार आपल्या वजनाने आत झुलते आणि दोन तारा एकमेकींवर येतात. ही सगळी साधनं हाताची न जाणवणारी हालचाल मोठी करून दाखवतात. त्या अर्थाने ती फार चांगली बनवलेली साधनं आहेत. फक्त ती मोजतात आपल्या मनाला.

यानंतरच्या चाचण्यांची गोष्ट लांब आहे, पण तिचा शेवट प्रत्येक वेळी त्याच ठिकाणी होतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1917 साली आर्थर एलिस यांचा काडीच्या इतिहासावरचा अहवाल छापला. त्यात स्पष्ट म्हटलंय की याच्या आणखी चाचण्या घेणं म्हणजे सार्वजनिक पैशाचा गैरवापर होईल. तरीही 1959 साली इव्हॉन व्होग्ट आणि रे हायमन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत पंचवीस हजार पाणाडे असल्याचा अंदाज बांधला. आणि 2017 साली ब्रिटनमध्ये एका तरुण जीवशास्त्रज्ञ बाईने पाणीपुरवठा कंपन्यांना सरळ विचारलं, तेव्हा बारापैकी दहा कंपन्यांनी आमचे लोक अजून तारा वापरतात असं कबूल केलं.

सर्वांत मोठी चाचणी झाली म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात, 1987 आणि 1988 साली, जर्मन सरकारच्या मदतीने. सुमारे पाचशे पाणाड्यांमधून त्रेचाळीस निवडले. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप एका गाडीवर ठेवून दहा मीटरच्या रेषेवर कुठेही सरकवायचा, आणि वरच्या मजल्यावर पाणाड्याने तो कुठे आहे ते सांगायचं. एकूण 843 वेळा. ज्या शास्त्रज्ञांनी ती घेतली त्यांनी जाहीर केलं की बहुतेकांना जमलं नाही, पण सहाजणांमध्ये काहीतरी खरं आहे. मी हे वाचलं तेव्हा माझं मन उसळलं. सहा तर सहा! त्यांच्यात आप्पा असते, कदाचित मीही असतो. मग जिम एनराइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. ते सहाजण एका फेरीत चमकत आणि दुसऱ्या फेरीत हरवत. जो माणूस न चालता, न पाहता नेहमी 'बरोबर मध्यावर' असंच उत्तर देत राहिला असता त्याच्यापेक्षा त्यांच्यातला सर्वांत चांगला पाणाड्या पाइपच्या सरासरी चार मिलिमीटर जवळ होता. दहा मीटरमध्ये चार मिलिमीटर. नखाच्या अर्ध्या रुंदीएवढं.

जर्मनीतल्याच कासेलची 1990 सालची चाचणी याहून साधी होती. जमिनीखाली अर्धा मीटर खोल प्लास्टिकचा पाइप. पाइप कुठे आहे हे सगळ्यांना माहीत. त्यातून आत्ता पाणी वाहतंय की नाही एवढंच सांगायचं. तीस पाणाडे होते. चाचणी योग्य आहे हे सगळ्यांनी आधी मान्य केलं होतं. निकाल नाणं उडवल्यासारखा आला. ही माणसं लबाड नव्हती. लबाड माणूस अशा चाचणीला येत नाही. ती माझ्यासारखी होती, आपल्या हाताला आहे असं कुणीतरी सांगितलेली.

पण मग चाळीसपैकी बहुतेक ठिकाणी पाणी लागलं त्याचं काय? हा प्रश्न मला कुणीही विचारतं आणि तो रास्त आहे. श्रीलंकेत एका जर्मन प्रकल्पाने पाणाड्याच्या मदतीने 691 बोअर घेतल्या आणि त्यातल्या 96 टक्के यशस्वी झाल्याचं जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हान्स-डीटर बेट्झ यांनी 1995 साली लिहिलं. आकडा ऐकून छाती दडपते. पण शेजारीच, काडीशिवाय, कुठेही बोट ठेवून तितक्याच बोअर घेतल्या असत्या तर किती ठिकाणी पाणी लागलं असतं, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. ती तुलना कुणी केली नव्हती. मीही माझ्या चाळीस जागांशेजारी चाळीस आंधळे खड्डे खणले नव्हते.

पाणाड्यांच्या बोलण्यात पाणी नेहमी धारेने वाहतं. बोटाएवढी धार, मनगटाएवढी धार, पूर्वेकडून येते, इथे वळते. मीही तसंच बोलायचो. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त भूमिगत पाण्यावर 'दकार्गल' नावाचं सव्वाशे श्लोकांचं प्रकरण लिहिलं. त्यातही माणसाच्या अंगात शिरा असतात तशा जमिनीत असतात, काही वर, काही खोल, असं म्हटलंय. कल्पना सुंदर आहे. पण जमिनीखालचं पाणी बहुतेक ठिकाणी नदीसारखं वाहत नाही. ते वाळूच्या कणांमधल्या फटींत, झिजलेल्या मुरमात, खडकाच्या भेगांत मुरून राहिलेलं असतं आणि अतिशय मंद सरकतं. पृथ्वीवरच्या द्रवरूप गोड्या पाण्यापैकी सुमारे नव्याण्णव टक्के असं जमिनीखाली आहे. वाळू-गाळाच्या प्रदेशात पुरेसं खोल गेलं तर जवळपास कुठेही पाणी लागतं, तिथे पाणाड्या चुकूच शकत नाही. अखंड कातळात मात्र भेग सापडली तर पाणी, दोन हात बाजूला गेलं तर धूळ. जिथे काडीची खरी गरज असते तिथेच ती उघडी पडते.

त्याच वराहमिहिराने आणखी काही सांगितलंय, आणि मला ते जास्त मोलाचं वाटतं. कोरड्या प्रदेशात वेतसाचं झाड दिसलं तर त्याच्या पश्चिमेला तीन हातांवर, दीड पुरुष खोल पाणी आहे. अर्ध्या पुरुषावर फिकट बेडूक सापडेल, मग पिवळी माती, मग दगड, आणि त्याखाली पाणी. एक पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. श्लोकामागून श्लोक झाडं, वारुळं, गवताचा रंग, मातीचा पोत. सगळं खरं ठरेल असं नाही, ठरतही नाही. पण त्या प्रकरणात कुणाच्या हाताला काही असावं लागत नाही. डोळे असले की पुरतं. आणि खूण चुकली तर ती खणताना कळते, कारण बेडूक सापडतो किंवा सापडत नाही.

आप्पांना मी आता नव्याने आठवतो. ते काडी हातात घेण्याआधी तासभर शिवार फिरायचे. उन्हाळ्यात कुठलं झाड अजून हिरवं आहे ते पाहायचे. शेजारची विहीर किती हात आहे ते विचारायचे. उतार कुठे जातो, पहाटे धुकं कुठे साचतं, माणूस बोलत असताना त्यांचे डोळे जमिनीवरून फिरत असायचे. काडी वळायच्या आधीच त्यांना जागा माहीत झालेली असायची, फक्त ते स्वतःला सांगत नसत. मी त्यांच्याकडून काडी शिकलो. ते पाहणं शिकायचं राहून गेलं, कारण त्यांनी ते कधी शिकवलं नाही, आणि त्यांनी ते शिकवलं नाही कारण सगळं काडीच करते अशी त्यांची श्रद्धा होती. या काडीवर माझा राग आहे तो एवढ्यासाठी. आयुष्यभराच्या निरीक्षणाचं श्रेय तिने खाल्लं आणि ते ज्ञान आप्पांबरोबर गेलं.

काडी निरुपद्रवी आहे, असू दे की, असं म्हणणारे भेटतात. त्यांना मी इराकबद्दल सांगतो. एडीई 651 नावाचं एक यंत्र तिथल्या सुरक्षा दलांना विकलं गेलं. मुठीवर लोंबकळणारी अँटेना, ती बॉम्बच्या दिशेने वळते असा दावा. वापरणाऱ्याच्या अंगातल्या स्थिर विजेवर ते चालतं असं सांगितलं जायचं. आत काहीच नव्हतं. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या एका खेळण्यावरून ते बनवलेलं होतं. इराकने त्यावर कोट्यवधी डॉलर खर्च केले. नाक्यानाक्यावर सैनिक ती मूठ धरून गाड्यांजवळून चालत आणि स्फोटकं भरलेल्या गाड्या पुढे जात. शेकडो माणसं मेली. विकणारा जेम्स मॅककॉर्मिक याला 2013 साली लंडनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. तो लबाड होता, यात शंका नाही. मी विचार करतो त्या नाक्यावरच्या सैनिकाचा. त्याच्या हातात अँटेना खरोखर वळत होती. ती वळताना त्याला जे वाटत असेल ते मला माहीत आहे.

कोरड्या बोअरनंतर दीड वर्षाने मी काकांकडे गेलो. हे सगळं त्यांना सांगितलं, शेव्हरलची काच, मुलीचा कागद, कोठारातले चार मिलिमीटर. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर ते उठले, बाहेर गेले आणि ताजं तोडलेलं बेचकं घेऊन आले.

"बरं. पण दुसरी घ्यायचीय. एकदा बघ तरी."

मी नाही म्हणणार होतो. मग म्हटलं, बघतो, पण माझ्या पद्धतीने. डोळे बांधा. धाकट्याला सांगा मला गरगर फिरवून दरवेळी वेगळ्या कोपऱ्यातून सोडायला. दहा वेळा चालतो. जिथे काडी वळेल तिथे खुंटी ठोका.

काकांनी स्वतः डोळ्यांवर पंचा बांधला. मी चाललो. काडी वळली. ठोकठोक आवाज आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा चाललो, पुन्हा वळली. तोच जोर, तीच मनगटातली कळ, दहाही वेळा. एकदाही मला शंका आली नाही की इथे पाणी नाही.

पंचा सोडला तेव्हा ऊन उतरलं होतं. दहा खुंट्या शेतभर विखुरल्या होत्या. दोन बांधाजवळ, एक पार पलीकडे, एक जुन्या बोअरच्या तोंडावर झाकलेल्या फरशीला लागून. कुठल्याही दोन खुंट्यांमध्ये दहा पावलांपेक्षा कमी अंतर नव्हतं. काका एकेक खुंटी पाहत बराच वेळ उभे राहिले. धाकट्याने काहीतरी विचारलं, त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ते भूजलवाले तारा लावून दगड मोजतात म्हणे. त्यांना बोलवायचं तर कुठे जायचं?"

मी सांगितलं. आणि आम्ही तिघं अंधार पडायच्या आत खुंट्या उपटायला लागलो.